सहाच्या आत: दृष्टिबाधित मूल आणि आपली बालवाडी



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभं आयुष्य बालवाडीत घालवलं. त्यांच्या नावाने बोलायचं तर बालवाडीविषयीच बोलावं असं मला वाटलं. आणि त्यातही अशा मुलाविषयी, ज्याचं नाव बालवाडीच्या पटावर क्वचितच चढतं, आणि चढलं तरी जे बहुधा कोपऱ्यात बसून राहतं.

आजच्या कुठल्याही अंगणवाडीत पाऊल टाकलं की आधी भिंती नजरेत भरतात. फळांचा तक्ता, भाज्यांचा तक्ता, पाळीव आणि जंगली प्राणी, वाहनं, मुळाक्षरं. एका भिंतीवर रंगवलेली आगगाडी, तिच्या प्रत्येक डब्यावर एकेक अंक. ताई एकेका चित्रावर पट्टी ठेवतात आणि मुलं एका सुरात नावं म्हणतात. या खोलीत साडेतीन वर्षांचं, जन्मापासून न दिसणारं मूल आणून बसवा. त्याच्या वाट्याला काय येतं? खाली सतरंजी, कानावर वीस-पंचवीस पोरांचा गलका, आणि शिजणाऱ्या खिचडीचा वास. नावं तेही म्हणतं, बरेचदा इतरांपेक्षा खणखणीत म्हणतं. पण 'अननस' म्हणताना त्याच्या हाताखाली काहीच नसतं.

या मुलाला सामावून घ्यायचं म्हणजे बालवाडीला काहीतरी वेगळं आणि खर्चिक जोडावं लागणार, असा एक समज आहे. तो मला आज खोडून काढायचा आहे. आपली बालवाडी मुळात हातांनी शिकण्यासाठी जन्माला आली. ती भिंतीवर गेली, छापील कागदावर गेली, तेव्हा हे मूल बाहेर पडलं. त्याला आत घेण्याचं पुष्कळसं काम म्हणजे बालवाडीला तिच्या मूळ वळणावर आणणं. पुष्कळसं म्हणते, सगळं म्हणत नाही. उरलेल्या कामाला जाणकार शिक्षकच लागतो, आणि तो वेळेत लागतो.

मूळ वळण म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाँ इतार या फ्रेंच वैद्याने जंगलात सापडलेल्या एका मुलाला शिकवण्याची धडपड केली. त्यांचे शिष्य एदुआर सेगँ यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी हाताळायची साधनं तयार केली. मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये अशाच मुलांना शिकवताना ही साधनं वापरून पाहिली, आणि १९०७ साली सान लोरेन्झोच्या गरीब वस्तीत बालगृह काढलं तेव्हा तोच विचार तिथल्या मुलांसाठी राबवला. खरखरीत कागदाची अक्षरं, वेगवेगळ्या पोताच्या कापडांचे तुकडे, कमीजास्त वजनाच्या पाट्या, डोळ्यांवर पट्टी बांधून वस्तू ओळखायचे खेळ. जगभरच्या बालशिक्षणाचा एक मोठा प्रवाह असा अपंग मुलांच्या वर्गातून निघालेला आहे. म्हणून 'अपंग मुलांना आपल्या वर्गात घ्यायचं का' ही चर्चा ऐकली की मला मनापासून वाईट वाटतं. हा वर्ग मुळात त्यांचाच आहे.

आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. तिथे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत गेल्या. माँटेसरीची महागडी लाकडी साधनं तिथल्या मुलांना कुठून मिळणार? मग शंख, शिंपले, बिया, गोटे, पानं, बांबूच्या कांड्या हीच साधनं झाली. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची, हा अंगणवाडीचा विचार तिथलाच. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर भरणारी कुरणशाळाही त्यांचीच. मुलाने शाळेच्या सोयीने बदलावं असं या दोघींनी म्हटलं नाही. शाळा मुलाच्या पायरीपर्यंत गेली. दृष्टिबाधित मुलाच्या बाबतीत मला याहून जास्त तत्त्वज्ञान लागत नाही.

आता बालवाडीच्या आधीच्या काळाकडे वळते, कारण खरी गाठ तिथे आहे. तिसऱ्या वर्षी मूल अंगणवाडीत येतं तोवर त्याचं शिक्षण बरंच पुढे गेलेलं असतं, नाहीतर बरंच अडलेलं असतं.

सेल्मा फ्रायबर्ग या अमेरिकन संशोधक विदुषीने जन्मांध बाळांचा वर्षानुवर्षं त्यांच्या घरी जाऊन अभ्यास केला. त्यावरचं तिचं पुस्तक १९७७ मध्ये आलं. डोळस बाळ पाचेक महिन्यांचं झालं की समोर दिसणाऱ्या खुळखुळ्याकडे हात टाकतं. आपल्याला वाटतं, अंध बाळ त्याच वयात खुळखुळ्याच्या आवाजाकडे हात टाकेल. तसं होत नाही. हातातला खुळखुळा काढून घेऊन वीतभर अंतरावर वाजवला तरी बाळाचा हात जागचा हलत नाही. त्याच्या लेखी हातातून सुटलेली वस्तू नाहीशीच झालेली असते. आवाज म्हणजे तिथे काहीतरी आहे, हे त्याला पहिल्या वर्षाच्या शेवटी-शेवटी उमगतं. रांगण्याचंही तेच. बाळ बसतं, हात-गुडघ्यांवर येतं, जागच्या जागी झुलतं, पण पुढे सरकत नाही. कारण पुढे त्याला ओढून नेणारं काही नाही. आवाजाच्या दिशेने हात जायला लागला, की मग रांगणं सुरू होतं. स्नायूंत काही कमी नसते. कमी असते ती पुढे जाण्याच्या कारणाची.

हे कारण घरातल्या माणसांनी पुरवायचं असतं. आईने हातातल्या बांगड्या वाजवल्या की लगेच त्या बाळाच्या हाताला लावायच्या, म्हणजे आवाज आणि वस्तू यांची गाठ पडते. खेळणं दरवेळी त्याच बाजूला, तेवढ्याच अंतरावर ठेवायचं. दोन्ही हात छातीसमोर एकत्र येतील अशा वस्तू द्यायच्या, वाटी आणि चमचा, डबा आणि झाकण. डेन्मार्कच्या लिली नील्सन यांनी अशा बाळांसाठी एक छोटी पेटीवजा खोली बनवली. बाळ आत झोपवायचं, आणि त्याचा हात-पाय जरा हलला तरी टांगलेल्या वस्तूंना लागेल अशी व्यवस्था. वस्तू रोज त्याच जागी. हात गेला की ती तिथे असतेच, हा भरवसा बाळाला यावा यासाठी. आपल्याकडे पाळण्यावर काठी बांधून तिला किल्ल्या, चमचे, लाकडी रिंगा लटकवल्या तरी हे काम होतं. मी अशा कितीतरी काठ्या बांधून दिल्या आहेत.

घरभेटीत एका आईने मला सांगितलं होतं, "मॅडम, याला माझी ओढच नाही. मी बाहेरून आले की हा गप्प होतो." दहा महिन्यांचा मुलगा. मी तिला म्हटलं, तुम्ही दारात जा आणि तिथून हाक मारा. तिने हाक मारली. मुलगा जो काही आवाज करत होता तो थांबला, मान खाली गेली, चेहरा कोरा झाला. डोळस बाळ अशा वेळी मान वळवून हसतं, म्हणून त्या माउलीला हा कोरेपणा परकेपणा वाटत होता. मी म्हटलं, चेहरा सोडा, हात बघा. त्याची बोटं उघडत होती, मिटत होती. पायाचे अंगठे ताठ झाले होते. तो अंगभर ऐकत होता. ती जवळ येऊन बसली तसे त्याचे दोन्ही हात तिच्या दंडापर्यंत चढले. त्या दिवसापासून ती मुलाचे हात वाचायला शिकली. हे कुणीतरी तिला आठव्या आठवड्यात सांगायला हवं होतं. दहा महिने ती आपल्याच बाळापासून दूर राहिली, आणि यात तिचा काही दोष नव्हता.

असं सांगणारं कुणी भेटलं नाही की काय होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मूल 'फार शांत' म्हणून नावाजलं जातं. झोळीत नाहीतर कडेवर राहतं. मग पुढेमागे झुलू लागतं, डोळ्यांत बोटं खुपसू लागतं. घरचे हात बांधतात किंवा ओरडतात. हे झुलणं म्हणजे वाईट खोड नव्हे, रिकाम्या शरीराने स्वतःला दिलेलं काम आहे. हातांना दुसरं काम मिळालं की ते पुष्कळ कमी होतं.

वैद्यकीय बाजू मी थोडक्यात सांगते, कारण ती सेविकाताईंना ठाऊक असायलाच हवी. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल तर त्याच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो. त्या पडद्याचा आजार वेळेत सापडला तर दृष्टी वाचू शकते, उशीर झाला तर वाचत नाही. बाळाची बाहुली पांढरी दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत झाली तरच मेंदू नीट पाहायला शिकतो. आणि 'अ' जीवनसत्त्वाचा डोस नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत चुकवायचा नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून झाली. ताराबाईंचं आणि अनुताईंचं बोर्डीही आज त्याच जिल्ह्यात येतं. या कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येतं. ही फार मोलाची गोष्ट आहे. माझी तक्रार पुढच्या टप्प्याची आहे. डॉक्टर ज्या दिवशी सांगतात की आता औषध-शस्त्रक्रियेने काही होणार नाही, त्या दिवशी मुलाची फाइल बंद होते. खरं तर त्याच दिवशी दुसरी फाइल उघडायला हवी, शिक्षणाची.

आता अंगणवाडीत येऊ. एका वाडीवरच्या चार वर्षांच्या मुलीचं सांगते. पूर्ण अंध. आजी तिला उचलून आणायची आणि मदतनीस ताईंच्या मांडीशेजारी बसवायची. पडेल, लागेल, पोरं ढकलतील, या काळजीपोटी तिला दोन तास तिथून उठू दिलं जात नसे. खिचडी भरवली जायची. सगळी माणसं प्रेमळ होती, हे मुद्दाम सांगते. या मुलीचं शिक्षण प्रेमाने अडलं होतं.

आम्ही आधी फरशीपासून सुरुवात केली. दाराशी पाय पुसायला तागाचं पोतं टाकलं. पोतं लागलं की दार आलं. पोत्यापासून उजव्या हाताने भिंत धरून गेलं की खुंटी, खुंटीवर तिची पिशवी. खुंटी कायम तीच, आणि तिच्याखाली भिंतीवर चिकटवलेला काथ्याचा तुकडा. पुढे पाण्याचा माठ, त्याचा गारवा आणि वास हीच त्याची पाटी. ताईंना एवढंच सांगितलं की सतरंजी आणि कपाट रोज हलवू नका, दार एक तर पूर्ण उघडं ठेवा नाहीतर पूर्ण लावा. अर्धवट उघडं दार हे न दिसणाऱ्या मुलाचं कपाळ फोडणारं दार असतं. आठ-दहा दिवसांत ती पोत्यापासून माठापर्यंत एकटी जाऊ लागली. आजी दाराबाहेर उभी राहून डोळे पुसत होती, आणि नातीला ते काही कळू नये म्हणून तोंडातून आवाज काढत नव्हती.

मग ताट. मुलीचं ताट कडा उभी असलेलं. खिचडी तिच्या बाजूला, वाटी उजवीकडे, रोज तशीच. भरवायचं नाही आणि तिचा हात धरून घासही उचलायचा नाही. आपल्याकडे सवय अशी की मुलाचा हात वरून धरायचा आणि वस्तूवर नेऊन दाबायचा. अंध मुलासाठी त्याचे हात म्हणजेच डोळे. तुमच्या डोळ्यांची पापणी कुणी पकडून उघडली आणि मान धरून 'इकडे बघ' म्हटलं तर कसं वाटेल? म्हणून आपला हात खाली आणि मुलाचा हात वर. आपण घास कालवायचा, तिचे हात आपल्या हातांच्या पाठीवर. आपली बोटं काय करतात हे तिला कळतं, आणि नको वाटलं तर हात काढून घेण्याची तिला मुभा असते. मग हळूच आपली बोटं मागे सरकवायची, तिची पुढे जाऊ द्यायची. शिकवणारी व्यक्ती समोर नाही, मागे बसते, म्हणजे दोघींच्या हातांची दिशा एकच राहते. सेविकाताईंच्या प्रशिक्षणात बाकी सगळं राहिलं तरी चालेल, पण हे अर्धा तास करून दाखवावं. सांगून जमत नाही, हातांनीच शिकावं लागतं.

तक्त्यांचं काय केलं? तक्ते राहू दिले, खाली टोपली ठेवली. टोपलीत त्या दिवसाची खरी वस्तू. कैरी, मग पिकलेला आंबा, मग कोय. भेंडी, दोडका, ओल्या नारळाची शेंडी, जुनं सूप. प्लॅस्टिकची फळं टोपलीत टाकायची नाहीत. प्लॅस्टिकचं केळं आणि प्लॅस्टिकचा हत्ती या बोटांना जवळजवळ एकच: गार, गुळगुळीत, एक शिवण. हत्ती शिकवायचा हट्ट धरू नका. शेळी शिकवा. शेळी दाराशी आहे. तिचे कान, तिची उबदार कूस, शिंगांचा खरखरीतपणा आणि पाल्याचा वास, हे सगळं एका मुलीच्या हाती येऊ शकतं. आणि टोपली आल्यावर दिसणाऱ्या मुलांची झुंबड तक्त्यापेक्षा टोपलीवरच पडली.

इतर मुलांविषयी मोठ्यांना फार चिंता असते. मुलं दोन-चार थेट प्रश्न विचारतात. हिला अंधार दिसतो का? ही झोपते कशी? उत्तर मिळालं की खेळायला लागतात. चेंडू कुरकुर वाजणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की सगळ्यांचा खेळ होतो. आपडी-थापडीसारखे हातावर हात पडणारे खेळ तर आपल्याकडे आयतेच आहेत. मुलांना एकच नियम लावावा लागला: तिच्याशी बोलण्याआधी आपलं नाव सांगायचं. पंधरा दिवसांनी तिला नावाची गरज उरली नाही, ती चपलांच्या आवाजावरून ओळखायला लागली.

आता एका धोक्याविषयी, आणि तो कौतुकातून येतो. न दिसणाऱ्या मुलाचं पाठांतर चांगलं असतं, गळाही बरेचदा गोड असतो. मग गणेशोत्सवात, स्वातंत्र्यदिनाला, पाहुणे आले की त्याला पुढे उभं करून गाणं म्हणायला लावतात. टाळ्या पडतात. घरचे म्हणतात, डोळे नाहीत पण देवाने बुद्धी दिली. अशा एका पाच वर्षांच्या मुलाला मी विचारलं, झाड केवढं असतं? त्याने दोन्ही हात डोक्यापर्यंत उंचावले. त्याने आजवर हात लावलेलं झाड म्हणजे अंगणातली तुळस. नद्यांची नावं, महिने, पाढे त्याच्या ओठांवर होते, आणि त्याने कधी दाणे सोललेले नव्हते, बटण लावलेलं नव्हतं, भिंतीवरून उडी मारलेली नव्हती. शब्द पुढे धावतात आणि अनुभव मागे राहतो. एकोणिसशे तीसच्या दशकापासून अंधांच्या शिक्षणात यावर इशारे दिलेले आहेत. तरीही आपण टाळ्या वाजवतच राहतो. त्या मुलाला गाणं म्हणू द्या, जरूर म्हणू द्या, पण त्याच दिवशी त्याला आंब्याच्या फांदीवर बसवा.

सगळी दृष्टिबाधित मुलं पूर्ण अंध नसतात. बऱ्याच जणांना थोडंफार दिसतं आणि बालवाडीत हीच मुलं सगळ्यात जास्त चुकीची समजली जातात. कोड नव्हे, पण जन्मतः रंगद्रव्य नसलेलं पांढऱ्या केसांचं मूल उजेडाने हैराण होतं. त्याला खिडकीकडे पाठ करून बसवा, उन्हात टोपी द्या, निम्मा प्रश्न सुटतो. एखाद्याचे डोळे सतत हलतात आणि मान तिरकी केल्यावर ते जरा स्थिरावतात. त्याची मान सरळ करत बसू नका, ती तिरकी मान हेच त्याचं पाहणं आहे. फळा नव्याने काळा करा, खडू जाड वापरा, पांढऱ्या ताटात पांढरा भात वाढू नका. आणि काही मुलांचे डोळे चांगले असतात, पण जन्माच्या वेळी गुदमरल्यामुळे किंवा फार लवकर जन्मल्यामुळे मेंदूचा पाहण्याशी निगडित भाग दुखावलेला असतो. अशा मुलाला सकाळी लाल चेंडू दिसतो, दुपारी दिसत नाही. एकटा चेंडू दिसतो, खेळण्यांच्या ढिगातला दिसत नाही. गलका वाढला की दिसणं कमी होतं. घरीदारी सगळे म्हणतात, नाटक करतो. तो नाटक करत नाही. त्याच्यासमोर एका वेळी एकच वस्तू, साध्या एकरंगी कापडावर, आणि भरपूर वेळ, एवढं दिलं तर तो खूप पाहतो. रंगीबेरंगी भिंतींची अंगणवाडी ही या मुलासाठी सर्वांत अवघड जागा आहे, म्हणून एक कोपरा कोरा ठेवा.

अक्षरांकडे येते. लुई ब्रेल पॅरिसजवळच्या कूव्रे या खेड्यात १८०९ साली जन्मला. वडील खोगीर आणि चामड्याचा साज बनवायचे. तीन वर्षांचा असताना त्यांच्या कामाच्या खोलीत आरीने त्याचा डोळा फुटला, जंतुसंसर्ग दुसऱ्या डोळ्यात गेला, आणि पाच वर्षांचा होईपर्यंत तो पूर्ण अंध झाला. यापुढचा भाग कमी सांगितला जातो. आईवडिलांनी त्याला घरात बसवलं नाही. हातात काठी दिली, कामं दिली, आणि तो गावातल्या डोळस मुलांबरोबर गावच्या शाळेत गेला. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी एका खेड्याने एका अंध मुलाला सामावून घेतलं होतं. तो वर्गात हुशार होता, सगळं ऐकून लक्षात ठेवायचा. वाचू मात्र शकत नव्हता, लिहू शकत नव्हता. वडिलांनी लाकडात खिळे ठोकून अक्षरं करून दिली, अशी हकीकत सांगतात. त्या प्रेमाची किंमत मोठी आहे, पण त्यातून पुस्तक होत नाही. दहाव्या वर्षी, १८१९ मध्ये, तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. पंधराव्या वर्षी त्याची सहा टिंबांची लिपी बऱ्याच अंशी तयार होती, आणि १८२९ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

मुलाला वर्गात बसवलं आणि समावेशन झालं असं जे समजतात, त्यांना मी ही गोष्ट सांगते. कूव्रेच्या शाळेने त्याला सोबती दिले, वाचायचं साधन दिलं नाही. पॅरिसने साधन दिलं, पण दहा वर्षांच्या मुलाचं गाव सोडवलं. आज आपल्याला या दोहोंतलं एक निवडावं लागू नये. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी समान ब्रेल ठरली, तिला आपण भारती ब्रेल म्हणतो. मराठी तिच्यात छान लिहिता येते. मग अंध मुलाच्या हाती पहिलं अक्षर सहाव्या-सातव्या वर्षी का पडावं? डोळस मूल जन्मल्यापासून अक्षरांच्या शेजारात वाढतं. दुकानाच्या पाट्या, बिस्किटाचा पुडा, एसटीचा बोर्ड. वाचता येण्याच्या कितीतरी आधी त्याला कळतं की या खुणांत काहीतरी सांगितलेलं असतं. अंध मुलाला हे आपोआप कधीच कळत नाही. कुणीतरी अक्षर त्याच्या बोटाखाली ठेवावं लागतं. म्हणून खुंटीवर त्याचं नाव ब्रेलमध्ये हवं. त्याच्या ताटाच्या कडेला, डब्यावर, टोपलीवर ब्रेलची पट्टी हवी. वाचता येईल तेव्हा येईल. अंड्यांचा सहा खणांचा ट्रे घ्या आणि खणांत लिंबं ठेवा, सहा टिंबांची जागा हाताला समजते. बोटं तयार करायला मटार सोलणं, डाळ निवडणं, मणी ओवणं यांच्याइतकं चांगलं काही नाही, आणि ते प्रत्येक घरात आहे. पांढरी काठीसुद्धा या वयात देता येते, मुलाच्या उंचीची. काठी दिली की मूल अंध 'दिसेल', ही आपली लाज आहे, मुलाची नाही.

आता अंधशाळांविषयी. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी १९०० साली मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून वाढली. या शाळांनी महाराष्ट्रातल्या पिढ्यांना ब्रेल दिली, नोकऱ्या दिल्या, ताठ मान दिली. त्या बंद कराव्यात असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण पाच-सहा वर्षांचं मूल आई सोडून वसतिगृहात जाणं हा पहिला पर्याय असू नये. त्या शाळांतल्या अनुभवी शिक्षकांनी आठवड्यातून एक दिवस आसपासच्या अंगणवाड्यांत फिरावं, ब्रेल, काठी आणि हातांचं काम ताईंना आणि आईला शिकवावं, आणि मूल मोठं झाल्यावर त्याच्या इच्छेने पुढची शाळा ठरावी. शाळा आणि अंगणवाडी यांच्यामधला हा फिरता शिक्षक आज बहुतेक ठिकाणी नाही.

तो का नाही, याचं उत्तर कागदावर आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधला आहे. त्याचं कलम ३१ लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देतं, वय सहा ते अठरा. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानलेला आहे, तरी हक्काची रेघ सहालाच आखलेली आहे. आणि सहाच्या आतलं मूल तीन खात्यांमध्ये विभागलेलं आहे. तपासणी आरोग्य खात्याकडे, अंगणवाडी महिला व बालविकासकडे, विशेष शिक्षक शालेय शिक्षणाकडे. प्रत्येक खातं आपापला रकाना भरतं. मूल एकच असतं आणि त्याची आई तीन दारांत उभी राहते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला. अंगणवाडीत ओळख पटवणं, सामावून घेणं आणि पुढे पाठवणं असे टप्पे त्यात आहेत. पाऊल योग्य आहे. पण सेविकाताईंचा भार मला ठाऊक आहे. पोषणाची नोंद, वजन-उंची, लसीकरण, सर्वेक्षण, मोबाइलमधलं ॲप आणि मानधनाची वाट पाहणं. त्यांच्या डोक्यावर आणखी एक प्रोटोकॉल ठेवून, सोबत माणूस न देता, आपण मोकळे होऊ शकत नाही.

म्हणून इथे जमलेल्यांपुढे आणि अधिकाऱ्यांपुढे माझं मागणं नेमकं ठेवते. कलम ३१ मधलं वय सहावरून तीनवर आणा. तीनच्या आतल्या मुलासाठी घरभेटीला येणारी विशेष शिक्षिका तालुक्याला किमान एक नेमा आणि तिला प्रवासभत्ता वेळेवर द्या. बाल स्वास्थ्यच्या पथकाने अंगणवाडीत दृष्टिबाधित मूल नोंदवलं, की ते नाव आरोग्य खात्याबरोबरच त्या शिक्षिकेकडेही त्याच आठवड्यात पोचलं पाहिजे. प्रत्येक बालविकास प्रकल्पात ब्रेलच्या पट्ट्या काढून देणारी एक पाटी आणि टिंबं टोचणारी एक आरी ठेवा, दोन्हींची किंमत काही शे रुपयांत आहे. आणि ताईंनो, तुमच्या गावात असं मूल कुणाच्या घरात असेल, तर पटावर नाव घालायला आईच्या येण्याची वाट पाहू नका. तिला बहुधा वाटत असतं की अंगणवाडी आपल्या मुलासाठी नाही. उद्या खिचडी वाटून झाली की तिच्या घरी जा, जाताना टोपलीतली एक कैरी बरोबर घ्या, आणि मुलाशी बोलण्याआधी त्याला आपलं नाव सांगा.